पावणेदोन इंच

तंजावूर
८ फेब्रुवारी १९९५

तीर्थरूप रघोजी काकांस जयश्रीचा नमस्कार,

अप्पांची तब्येत तशीच आहे. मार्गळी महिन्यात अर्धांगाचा झटका आला, त्यात उजवा हात गेला तो गेलाच. पाय ओढत थोडे चालतात. बोलणे मात्र परत आले नाही. त्यांस सगळे कळते, शब्द सापडत नाहीत, असे डॉक्टर म्हणतात. एकच शब्द उरला आहे, ‘पाणी’. पंखा हवा तरी पाणी, वर्तमानपत्र हवे तरी पाणी. मी ओळखत जाते. ओळखता आले नाही की ते डोळे मिटून घेतात.

आज लिहिण्याचे कारण वेगळे आहे. तिरुवैयारूचे डॉक्टर वेंकटरमण यांची जर्मन मोटारसायकल तुम्हांस ठाऊक आहे. साखळी नाही, शाफ्टवर चालते ती. तिच्या मागच्या चाकाच्या पेटीतले तेल गळून ब्रेकच्या ड्रममध्ये जात आहे. दुसरीकडे दाखवा, असे मी डॉक्टरांस सांगून पाहिले. ते म्हणाले, ती पेटी तुझ्या अप्पांशिवाय या जिल्ह्यात कोणी उघडलेली नाही, आणि लहानपणापासून त्यांस स्पॅनर देत कोण बसायचे? त्यांस कावेरीपलीकडच्या गावांत बाळंतपणास जावे लागते. कालव्याच्या बांधावरून मोटार जात नाही, हीच जाते. मजला नाही म्हणता आले नाही.

पेटी उघडणे मजला जमेल. अप्पा डाव्या हाताने दाखवतील. परंतु नवे सील कोणते घालावे, हे ते कसे सांगणार? तुम्ही दोघे भाऊ खडकीच्या लष्करी वर्कशॉपात याच गाड्यांवर शिकला. तुम्हीच सांगा. फोनवर तुम्हांस ऐकू येत नाही म्हणून पत्र लिहिते. माझ्या मराठीस हसू नये. हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून ही लिपी येते. आता या घरात लिहिणारी मी एकटीच.

तुमची
जयश्री


खडकी, पुणे
१७ फेब्रुवारी १९९५

प्रिय जयश्री, इथून आम्हा दोघांचे आशीर्वाद.

तुझं पत्र काकूला मोठ्यानं वाचून दाखवलं. तू आमच्या आजोबांसारखं मराठी लिहितेस. इथं तसं कुणी बोलत नाही. बदलू नकोस.

आता काम. चाक काढ, ब्रेकचे शू काढ, पेटीतलं तेल आधी गाळून घे. ड्रमच्या मागे पेटीच्या तोंडाशी जे गोल काळं कडं दिसेल ते सील. त्याला आतून रबराचा पातळ ओठ असतो आणि ओठामागे केसासारखी बारीक स्प्रिंग. तो ओठ फिरत्या शाफ्टला चिकटून राहतो म्हणून तेल आत राहतं. सील काढताना शाफ्टवर ओरखडा येऊ देऊ नकोस. मग त्याच्यावरचा नंबर वाच. नंबर नसेल तर दादाचा व्हर्नियर घे आणि शाफ्टची जाडी मोजून कळव.

सील मिळेल याची काळजी सोड. आमच्या वेळी असल्या एका सीलसाठी चौदा महिने परवान्याची वाट पाहिली आहे आम्ही. आता बाजार खुला झालाय. पेठेत एक दुकानदार आहे, त्याला नंबर दिला की तीन आठवड्यांत थेट जर्मनीचा माल. मीच येऊन बसवून दिलं असतं, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन मार्चात ठरलंय.

दादाला नमस्कार सांग. वर्कशॉपातल्या त्या बारा गाड्यांपैकी एकही अशी नव्हती, जी तो डोळे बांधून उघडू शकला नसता.

तुझा
रघोजी काका


तंजावूर
२७ फेब्रुवारी १९९५

तीर्थरूप काकांस नमस्कार,

रविवारी पेटी उघडली. अप्पा तिण्णैवर, दाराबाहेरच्या ओट्यावर, खुर्ची घेऊन बसले होते. मी चुकीचा स्पॅनर उचलला की जीभ टाळूस लावून आवाज करीत. कितीतरी दिवसांनी ते असे माझ्यावर रागावले. बरे वाटले.

जुने सील तुकडे होऊनच निघाले. नंबर झिजून गेला आहे. शाफ्ट तीन वेळा मोजला. तिन्ही वेळा चव्वेचाळीस पूर्णांक चार मिलिमीटर, त्याहून किंचित जास्त.

एक गोष्ट विचारावयाची आहे. सामान काढताना अप्पा स्वतः उठले, खणातून कागदाची पुडी काढली आणि तिच्यातले एक सील माझ्यापुढे धरले. ते जुने नाही, वापरलेलेही दिसत नाही, परंतु बाहेरची लोखंडी कड घासलेली आहे. कोणत्या यंत्राचे, असे विचारले, तर म्हणाले, ‘पाणी’. पुन्हा विचारले, पुन्हा तेच. खणातली बाकीची सीले पुढे केली, ती त्यांनी ढकलून दिली. हेच घालू का? लेथवाले गुरुमूर्ती मामा असते तर त्यांस विचारले असते. ते मुलीकडे कोइमतूरला गेले आहेत, एप्रिलात चित्तिरै महिना लागल्यावर येतील. डॉक्टरांस तोवर थांबता येणार नाही. सध्या ते कोणाच्या तरी मोपेडवर मागे बसून जातात.

जयश्री


खडकी
८ मार्च १९९५

प्रिय जयश्री,

सोबत रजिस्टर पार्सलनं सील पाठवलंय. दुकानदाराकडे ते तयारच निघालं, तीन आठवडे थांबावं लागलं नाही. कॅटलॉगमध्ये या पेटीचा शाफ्ट पंचेचाळीसचा आहे. तेच सील, अस्सल, कारखान्याच्या डबीतलं. हातात घेतलं आणि जुने दिवस आठवले. पस्तीस वर्षांपूर्वी हे आम्हाला मिळालं असतं तर!

तुझं माप पंचेचाळीसला थोडं कमी भरलं, त्याचं मनावर घेऊ नकोस. इतक्या वर्षांत ओठानं शाफ्टवर चर पडतेच, तू चरीत मोजलं असशील. शिवाय व्हर्नियर धरायलाही हात बसावा लागतो.

दादाचं सील मात्र घालू नकोस. तो स्वतःच ‘पाणी’ म्हणतोय ना? पाण्याच्या पंपाचं असणार ते. ते रबर गरम गिअर ऑइलमध्ये चार दिवसांत फुगून मऊ पडेल. कड घासलेली म्हणजे कुणीतरी कशात तरी ठोकून बसवायला पाहिलेलं. लिहायला जड जातं, पण दादाचं डोकं आता पहिल्यासारखं राहिलेलं नाही. हाताला येईल ते तो धरून बसणार. तू त्याची मुलगी आहेस, तुला नाही म्हणवत नाही हे समजतं. पण डॉक्टरचा जीव त्या ब्रेकवर आहे.

ओठ तेलाच्या बाजूला. बसवण्यापूर्वी ओठाला तेल लाव. हातोडी थेट मारू नकोस, वर लाकडाची फळी ठेव.

रघोजी काका


तंजावूर
२१ मार्च १९९५

तीर्थरूप काकांस नमस्कार,

पार्सल पोचले. सील बसवले. ओठ तेलाच्या बाजूस ठेवला, फळीवरून हलके ठोकले. तेल भरले, चाक फिरवले, खाली वर्तमानपत्र पसरून दोन दिवस गाडी तशीच ठेवली. एक थेंब नाही. परवा डॉक्टर येऊन घेऊन गेले.

अप्पांविषयी लिहू की नको, असे झाले होते. तुमची डबी मी त्यांच्यापुढे उघडली. त्यांनी नवे सील उजेडात धरून पाहिले, शाफ्टवर सरकवले, अंगठ्याने थोडे हलवले आणि काढून बाजूस ठेवले. मग आपले सील माझ्या तळहातावर ठेवून माझी बोटे मिटली. मी त्यांस तुमचे पत्र वाचून दाखवले, सगळे. डोक्याविषयी लिहिले आहे तेही वाचले गेले. वाचताना पुढचे वाक्य दिसले नाही, आणि थांबेपर्यंत वाचून झाले होते.

त्यांचे सील मी खणात परत ठेवले, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने तेलाचा डबा उडवला. भिंत, माझी साडी, सगळे तेल. मग खुर्ची भिंतीकडे फिरवून बसले. मी फरशी पुसली आणि काम पुरे केले. कोरडा कागद नंतर त्यांच्यापुढे नेला. त्यांनी पाहिला नाही.

मी डॉक्टरांस म्हणाले, अप्पा फार हट्टी झाले आहेत. ते हसले.

डोळ्यांचे ऑपरेशन बरे होवो.

जयश्री


खडकी
३० मार्च १९९५

प्रिय जयश्री,

एका डोळ्यावर पट्टी आहे, म्हणून चारच ओळी. कागद कोरडा राहिला हे वाचून फार आनंद झाला. शाबास. दादाला वाईट वाटलं असेल, पण उतरेल राग. त्याला सांग, आयुष्यात एकदा तरी रघूनं तुझ्याआधी बरोबर उत्तर दिलं.

रघोजी काका


तंजावूर
२० एप्रिल १९९५

तीर्थरूप काकांस नमस्कार,

वाईट बातमी आहे. बारा तारखेस दुपारी डॉक्टर पलीकडच्या गावी निघाले होते. कुडमुरुट्टी नदीच्या पुलाच्या उतारावर पुढे बैलगाडी आडवी आली. मागचा ब्रेक लागलाच नाही. एकट्या पुढच्या ब्रेकवर गाडी घसरली आणि ते कठड्यावर आपटले. मांडीचे हाड मोडले आहे, खांदाही. तंजावूरच्या इस्पितळात आहेत. जीव वाचला.

मी भेटावयास गेले. ते म्हणाले, ब्रेक दाबला तर पायाखाली लोणी असल्यासारखे झाले. माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते.

अप्पांस सांगितले. त्या दिवसापासून ते माझ्या हातून जेवत नाहीत. डाव्या हाताने स्वतः खातात, अर्धे सांडते. कामाच्या शेडकडे येत नाहीत.

जयश्री


खडकी
२९ एप्रिल १९९५

प्रिय जयश्री,

दोन दिवस पत्र उशाशी घेऊन बसलोय. डॉक्टर वाचले, देवाची कृपा.

पण मला खरं सांग. ओठ उलटा तर बसला नव्हता? बसवताना ओठ दुमडला का, स्प्रिंग निसटली का? पेटीत तेल गळ्यापर्यंत भरलंस का? पेटीच्या वरच्या बुचाला हवेचं बारीक भोक असतं, ते चिखलानं बुजलं असेल तर आत दाब होऊन चांगलं सीलही तेल सोडतं. यातलंच काहीतरी झालं असणार. सील अस्सल होतं, त्यात खोट असणं शक्य नाही. तुझ्यावर ठपका ठेवत नाही. नवीन माणसाकडून होतं. गाडी आणवून पेटी उघड आणि काय दिसतं ते कळव.

रघोजी काका


तंजावूर
११ मे १९९५

तीर्थरूप काकांस नमस्कार,

गाडी टेंपोतून आणवली. पेटी उघडली. ओठ बरोबर बाजूस होता, दुमडलेला नव्हता. स्प्रिंग जागेवर होती. भोक मोकळे होते, तेल मापाचे होते. ड्रम मात्र तेलाने भिजला होता.

गुरुमूर्ती मामा आले आहेत. मी उघडत होते तेव्हा ते शेजारी उभे होते. शाफ्टवर बोट फिरवून म्हणाले, ‘यात पंचेचाळीसचे सील कोणी घातले? हा शाफ्ट मीच लेथवर उतरवला आहे. एकोणनव्वद साली. तुझ्या अप्पांनी समोर उभे राहून करून घेतला.’

मग त्यांनी सगळे सांगितले. तेव्हा शाफ्टवर खोल चर पडली होती आणि बाहेरचे सील काही केल्या मिळत नव्हते. अप्पांनी शाफ्ट घासून पावणेदोन इंचावर आणला, कारण शेतावरच्या जुन्या तेलाच्या इंजिनाचे पावणेदोन इंची सील इथे कुठल्याही दुकानात मिळत असे. बाहेरची कड लेथवर थोडी उतरवली की ते पेटीत बसे. दोन बनवली होती. एक घातले, एक पुढच्या वेळेसाठी खणात ठेवले. पाण्याच्या पंपाशी त्याचा काही संबंध नाही.

पावणेदोन इंच म्हणजे चव्वेचाळीस पूर्णांक पंचेचाळीस मिलिमीटर. काका, मी शाळेत सातवीच्या वर्गास दर वर्षी इंचाचे मिलिमीटर करावयास लावते. माझ्या हातात आकडा होता, तीन वेळा मोजलेला. तुमचे सील उभ्या गाडीत जेमतेम टेकून राहिले, म्हणून कागद कोरडा राहिला. तेल तापून पातळ झाले आणि चाक वेगात फिरले की थोडे थोडे ड्रममध्ये जात राहिले. बाहेर काही दिसत नव्हते. अप्पांनी ते सील शाफ्टवर सरकवून अंगठ्याने हलवून पाहिले होते. त्यांस तेवढ्यात कळले होते.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नाही. डॉक्टर त्या दिवशी ज्या बाईकडे निघाले होते तिचे नाव सुंदरी. पहिलटकरीण. सकाळपासून अडली होती. डॉक्टर येतात म्हणून घरचे वाट पाहत राहिले. येत नाहीत असे कळेपर्यंत संध्याकाळ झाली, मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून तंजावूरला आणले. बाई वाचली. मुलगा होता. तो राहिला नाही.

जयश्री


खडकी
२२ मे १९९५

प्रिय जयश्री,

चार कागद फाडून हा पाचवा लिहितोय.

तू चव्वेचाळीस पूर्णांक चार लिहिलंस तेव्हा माझ्या मनात आलं होतं, दादानं शाफ्ट उतरवला तर नसेल? त्याचा स्वभावच तो. मिळत नाही म्हणून रडत बसायचं नाही, जे मिळतं त्याला मशीन जुळवून घ्यायचं. खडकीत याच कारणावरून आमची भांडणं व्हायची. मी कॅटलॉगवाला आणि तो लेथवाला. साहेबांपुढे शेवटी नेहमी त्याचंच खरं ठरायचं. तू तीनदा मोजलंस म्हणून लिहिलं होतंस. दादाच्या मुलीचा हात व्हर्नियरवर चुकेल, हे मला तेव्हाही खरं वाटलं नव्हतं.

पण तोवर मी सील विकत आणलं होतं. दुकानात चार लोकांना दाखवलं होतं. अस्सल सील आता आपल्याला मिळतं, आता जुगाड करायची गरज नाही, असं म्हणत होतो. मनात आलेली शंका मी तुला लिहिली नाही. उलट दादाचं डोकं गेलंय, असं लिहिलं. आणि मग ते चार ओळींचं पत्र. ते तू त्याला वाचून दाखवलं नसशील, अशी आशा धरून आहे.

एप्रिलातलं पत्रही तसंच. तुझ्यावर ढकलत होतो. माफ कर म्हणायलाही जीभ उचलत नाही.

डोळा आता बरा आहे. मी तंजावूरला येऊ का? येऊन काय करणार, ते मला ठाऊक नाही. दादासमोर उभा कसा राहू, तेही ठाऊक नाही. तू नको म्हणालीस तर येणार नाही.

रघोजी


तंजावूर
२ जुलै १९९५

तीर्थरूप काकांस जयश्रीचा नमस्कार,

उत्तरास उशीर झाला. काय लिहावे, ते सुचत नव्हते.

अप्पांचे सील मी बसवले. त्यांस आधी विचारले, बाहेर येता का. आले नाहीत. एकटीनेच बसवले. गुरुमूर्ती मामांनी गाडी वल्लमपर्यंत दोनदा पळवून आणली. ड्रम उघडून पाहिला, शू कोरडे ठणठणीत.

परंतु आता ती चालवणार कोण? डॉक्टर काठी घेऊन चालतात, पाय आखूड झाला आहे. त्यांच्या मुलाने मद्रासहून नवी छोटी मोटार आणि ड्रायव्हर पाठवला. मोटार डांबरी रस्त्यावरच जाते. बांधापलीकडच्या गावांस डॉक्टर आता जात नाहीत. गाडी तुझ्याकडेच राहू दे, असे ते म्हणाले. शेडमध्ये गोणपाटाखाली आहे.

गेल्या शनिवारी मी सुंदरीच्या गावी गेले. बस जिथे थांबते तिथून बांधावरून तासभर चालावे लागते. सगळे सांगावयाचे ठरवून गेले होते. सील, माप, अप्पा, सगळे. शाळेचा धडा तयार करावा तशी वाक्ये तमिळमध्ये मनात जुळवली होती. ती अंगणात भात वाळवीत होती. वय तेवीस असेल. मी डॉक्टरांच्या ओळखीची आहे म्हटल्याबरोबर तिने हात पुसले, चटई टाकली, ताक आणले. मी तोंड उघडायच्या आत तिनेच विचारले, ‘डॉक्टर अय्या चालू लागले का? आमच्यासाठी येताना पडले बिचारे. माझ्या सासूने त्यांच्यासाठी मारिअम्मनला नवस केला आहे.’

काका, वाक्ये सगळी डोक्यात होती. एकही बाहेर आले नाही. मी म्हणाले, चालतात, काठी घेऊन. तिने आणखी ताक वाढले. निघताना नारळ दिला. मी तो घेतला.

घरी येऊन अप्पांस सांगितले. ते तिण्णैवर होते. मी खाली पायरीवर बसून सगळे सांगितले, गेले कशी, काय ठरवले होते, काय बोलले नाही. रडले नाही. ते शेवटपर्यंत ऐकत होते आणि डोळे उघडे होते. झाल्यावर ते भिंतीस टेकत थोडे बाजूस सरकले आणि तिण्णैवर जागा केली. मी वर जाऊन बसले. संध्याकाळ झाली होती, रस्त्यावरून मुले सायकली हाकत जात होती. आम्ही दोघे ती पाहत बसलो. नंतर मी भात कालवून आणला तर त्यांनी माझ्या हातून चार घास खाल्ले. पाचव्यास मान फिरवली.

ते चार ओळींचे पत्र मी त्यांस वाचून दाखवले नव्हते. एवढे एक तरी तुम्हांस सांगता येते.

तुम्ही यावे. त्यांच्यापुढे काय बोलायचे, ते मात्र ठरवून येऊ नये.

तुमची
जयश्री